एकच बस, एकच मार्ग, तरी दर फेरीला नॉक्स वेगळा: सीएनजी सिटी बसवरच्या पेम्सची दुखणी

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. सीएनजीवरची बीएस-६ सिटी बस, मागच्या सीट काढून त्या जागी पेम्सचा संच, प्रवाशांऐवजी वाळूची पोती. मार्ग पुण्यातला कात्रज–स्वारगेट–शिवाजीनगर आणि परत. ड्रायव्हर तोच, वजन तेच. सकाळच्या फेरीत नॉक्सचा (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा) ग्रॅम-प्रति-किलोमीटर आकडा एक येतो, दुपारी त्याच्या दीडपट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसराच काहीतरी. लगेच संशय जातो गॅस ॲनालायझरवर. स्पॅन गॅसची (प्रमाण आधीच माहीत असलेल्या तपासणीच्या गॅसची) नवी बाटली येते, पुन्हा कॅलिब्रेशन होतं, एखादा दिवस बरा जातो आणि आकडे परत नाचायला लागतात.

ॲनालायझर क्वचितच दोषी असतो. शहरात रखडत चालणाऱ्या सीएनजी बसवर घोळ घालतात त्या दोन गोष्टी: एक्झॉस्टचा प्रवाह मोजणारं मीटर आणि पाणी. हायवेवरच्या डिझेल ट्रकवर या दोन्ही फारसा त्रास देत नाहीत. म्हणूनच ट्रकवर हात बसलेली माणसं बसवर आली की इथे हमखास अडकतात.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: पेम्स म्हणजे गाडीतच ठेवून, गाडी रस्त्यावर चालत असताना धूर मोजणारा संच. सायलेन्सरच्या तोंडाला फ्लो मीटरचा पाइप जोडलेला, त्यातून प्रोबने ओढलेला नमुना तापवलेल्या नळीतून ॲनालायझरपर्यंत, शिवाय जीपीएस, हवामानाचा सेन्सर आणि ईसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) केबल. पीयूसीत गाडी जागेवर उभी असते. इथे ती सिग्नल, स्पीडब्रेकर, थांबे सगळं झेलत असते, आणि तिच्याबरोबर संचही.

कॅलिब्रेशनला हात लावण्याआधी तीन आकडे काढा

गणित साधं आहे. दर सेकंदाचा एक्झॉस्टचा प्रवाह गुणिले नॉक्सचं प्रमाण, त्याची फेरीभर बेरीज, भागिले अंतर. म्हणजे संशयित तीनच: प्रवाह, प्रमाण आणि अंतर. चौथी शक्यता अशी की बसने त्या फेरीत खरंच तेवढा नॉक्स सोडला. ती शेवटी बघू.

पहिला आकडा: फेरीतला एकूण नॉक्स भागिले एकूण सीओटू. दोन्हींना गुणणारा प्रवाह एकच असल्यामुळे प्रवाहातली चूक या भागाकारात बरीचशी कटून जाते, आणि अंतर तर यात येतच नाही. ग्रॅम-प्रति-किलोमीटर दीडपट झाला पण हे गुणोत्तर जागचं हललं नाही, तर ॲनालायझरला मोकळं सोडा. दोष प्रवाहात किंवा अंतरात आहे, नाहीतर त्या दिवशी वाहतूक खरंच वाईट होती.

दुसरा आकडा: कार्बनवरून काढलेलं इंधन. धुरातला कार्बन इंधनातूनच येतो. सीओटू, सीओ आणि हायड्रोकार्बन यांतला कार्बन एकत्र करा आणि त्यावरून किती गॅस जळला ते काढा. सीएनजी म्हणजे जवळजवळ मिथेनच, तेव्हा १ किलो गॅसमागे २.७५ किलो सीओटू धरायला हरकत नाही. हे इंधन ईसीयूच्या इंधनाशी ताडून बघा. युरो-६ (बीएस-६ ज्यावर बेतलंय ते युरोपीय मानक) च्या रस्त्यावरच्या चाचणीतही हा ताळा आहे: दोन्हींचा आलेख काढला की रेषेचा चढ ०.९ ते १.१ मध्ये असावा ही शिफारस, आणि आर-वर्ग (ठिपके रेषेला किती धरून आहेत त्याचं माप) किमान ०.९ हवा ही अट. ईसीयूवर विश्वास नसेल तर दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच पंपावर, एकाच नोझलने गॅस भरून घ्या. पंपाचं मीटर किलोतच मोजतं. फक्त एका फेरीवर हा ताळा करू नका. २०० बारला ‘फुल’ झालेल्या सिलिंडरमध्ये किती किलो गॅस मावला हे तपमानावर ठरतं, आणि उन्हात तापलेल्या बसमध्ये तो कमी मावतो.

तोंडी हिशेबही चालतो. बस किलोला तीनेक किलोमीटर देत असेल तर सीओटू किलोमीटरला ९०० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. संच सहाशे दाखवत असेल तर नॉक्सच्या रकान्याकडे बघूच नका, तो रकाना अजून वाचण्याजोगा झालेला नाही.

तिसरा आकडा धुरातल्या सीओटूच्या प्रमाणाचा, आणि तो सीएनजीवाल्यांना फुकट मिळालेलं वरदान आहे. बीएस-६ च्या सीएनजी बस बहुतेक करून लॅम्डा १ वर, म्हणजे जळायला लागेल नेमकी तेवढीच हवा घेऊन चालतात आणि पुढे थ्री-वे कॅटॅलिस्ट (नॉक्स, सीओ आणि हायड्रोकार्बन तिन्ही निकामी करणारा भाग) असतो. त्यामुळे इंजिन गरम झाल्यावर सीओटूचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं: ओल्या धुरात साधारण ९.५ टक्के, पाणी काढून टाकलेल्या धुरात ११.७ टक्के. आयडलवर (बस उभी, इंजिन नुसतं चालू) असो की चढावर, फार फरक पडत नाही. डिझेलला अशी पक्की खूण नाही, तिथे भार बदलला की सीओटू बदलतो. (जुन्या लीन-बर्न, म्हणजे जादा हवा घेणाऱ्या, सीएनजी इंजिनांनाही ही खूण लागू नाही, तेवढं लक्षात ठेवा.)

फ्लो मीटर: आयडलवर अर्धा मिलिमीटर

बहुतेक संचांचं फ्लो मीटर पिटो नळीच्या तत्त्वावर चालतं. वायू जोरात आला की दाबाचा फरक वाढतो, त्यावरून प्रवाह काढतात. यातली मेख अशी की दाबाचा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

सहा लिटरचं सीएनजी इंजिन घ्या. पूर्ण भाराला एक्झॉस्ट ढोबळमानाने ताशी ८०० किलो, आयडलला ४० किलो. डिझेल इंजिनाचा भार थ्रॉटलने (हवेच्या झडपेने) ठरत नाही, ते आयडललाही पोटभर हवा ओढतं. लॅम्डा १ च्या सीएनजी इंजिनाला थ्रॉटल असतो आणि आयडलला तो जवळजवळ बंद असतो, म्हणून प्रवाह इतका खाली जातो. प्रवाह वीसपट खाली, म्हणजे दाबाचा फरक चारशेपट खाली. पूर्ण भाराला २,००० पास्कल मिळत असतील तर आयडलला ५ पास्कल. ५ पास्कल म्हणजे अर्धा मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब.

आता मीटरपासून ट्रान्सड्यूसरपर्यंत (दाब मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) जाणाऱ्या बारीक नळीत एक मिलिमीटर पाणी साचलं असं धरा. १० पास्कलची चूक. पूर्ण भाराला तिचा परिणाम पाव टक्का, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आयडलला ५ च्या जागी १५ पास्कल दिसतात आणि प्रवाह पाऊणपटीने फुगतो. तेच पाणी दुसऱ्या बाजूच्या नळीत असेल तर फरक उणे होतो आणि सॉफ्टवेअर सरळ शून्य प्रवाह लिहून मोकळं होतं. स्वारगेटच्या चौकात बस चार मिनिटं उभी, इंजिन चालू, आणि नोंदीत मात्र धूर नाही. ही फेरी ‘स्वच्छ’ निघते. पुढच्या फेरीत पाणी इकडून तिकडे गेलेलं असतं आणि तीच बस ‘घाण’ ठरते. फेरीगणिक बदलणाऱ्या आकड्यांमागे सगळ्यात जास्त वेळा मला हेच सापडतं.

ओळखायचं कसं? फक्त आयडलचे सेकंद वेगळे काढा: वेग शून्य, आरपीएम आयडलचा, इंजिन गरम. त्या सेकंदांतला मीटरचा प्रवाह आणि ईसीयूच्या हवा अधिक इंधन या बेरजेवरून काढलेला प्रवाह शेजारी-शेजारी ठेवा. गरम इंजिनाचा आयडल प्रवाह दिवसभर जवळपास सारखा असतो. एसी किंवा एअर कॉम्प्रेसर चालू झाला तर थोडा वर जातो, बस. तो फेरीगणिक सरकत असेल, किंवा एका थांब्यावर ४० आणि पुढच्या थांब्यावर शून्य दिसत असेल, तर पुढे शोधायची गरज नाही.

मग संच उघडण्याआधी त्या दोन बारीक नळ्या बघा. पारदर्शक असतील तर उजेडाकडे धरा, थेंब दिसतो. दिसला नाही तरी ट्रान्सड्यूसरच्या बाजूने सुकी हवा फुंकून घ्या (ट्रान्सड्यूसर सोडवून, जोडलेला ठेवून फुंकलीत तर नवा घ्यावा लागेल). त्यानंतरची दुरुस्ती नळ्या टाकण्याच्या पद्धतीत आहे. मीटरपासून ट्रान्सड्यूसरपर्यंत नळी सतत चढती हवी, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप मागे मीटरमध्ये उतरतं. मधे झोळ पडला की तिथे पाणी बसणारच. बसच्या मागच्या बाजूला सायलेन्सर खाली आणि संच वर असतो, त्यामुळे हे तसं सोपं आहे. पण जागा नाही म्हणून नळी बंपरवरून वळवून आणतात आणि झोळ तिथेच पडतो. संचात पर्जची (हवा फुंकून नळ्या साफ करण्याची) सोय असेल तर ती आयडलवर नको, शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद करून चालवा आणि लगेच मीटरचा शून्य तपासा. फेरीच्या आधी, मधे आणि शेवटी घेतलेले तीन शून्य शेजारी ठेवले की गडबड कधी झाली हेही कळतं.

आयडलला इंजिनाचे धक्के स्पष्ट जाणवतात, तेव्हा दाबही हेलकावे खातो, आणि वर्गाचं नातं असल्यामुळे हेलकाव्यांची सरासरी खऱ्यापेक्षा जास्तच येते. पाणी नसतानाही आयडल प्रवाह ईसीयूपेक्षा थोडा पण सातत्याने जास्त दिसत असेल तर कारण हे असू शकतं. मीटर आणि सायलेन्सर यांच्यात पाइपची लांबी वाढवली की हेलकावे मवाळ होतात.

मीटरचा व्यास हा आणखी एक मुद्दा. पूर्ण भाराला पुरावा म्हणून पाच इंची मीटर घेतात. शहरात बस पूर्ण भाराला जाते किती वेळ? चार इंची घेतलं तर त्याच प्रवाहाला दाबाचा फरक जवळजवळ अडीचपट मिळतो. बॅकप्रेशर इंजिनाच्या मर्यादेत राहतंय एवढं बघून लहान मीटर घ्या. ते जमत नसेल तर ठरावीक प्रवाहाखाली ईसीयूचा हिशेब वापरा, पण तसं अहवालात लिहा आणि ती मर्यादा सगळ्या फेऱ्यांना एकच ठेवा. एका फेरीला मीटर, दुसरीला ईसीयू असं केलंत तर तुलना संपली.

गळती: कुठली घातक, कुठली नाही

स्पीडब्रेकरवर मागचा भाग आपटला की सिलिकॉनच्या जोडाची क्लिप सैल होते. त्यातून काय होईल हे गळती कुठे आहे यावर ठरतं, आणि वरचे दुसरा नि तिसरा आकडा इथे कामाला येतात.

सीओटूचं प्रमाण बरोबर ९.५ टक्के, पण कार्बनवरून काढलेलं इंधन कमी. म्हणजे धूर मीटरच्या आधीच बाहेर निसटतोय (किंवा मीटर कमी दाखवतंय, आयडलचा ताळा आधी झाला असेल तर हा गोंधळ राहत नाही). जोडावर काजळीचा माग शोधू नका, सीएनजीला काजळी नसते. थंड इंजिन चालू करून पहिल्या मिनिटात हात जवळ न्या, दमट वाफ हाताला लागते.

प्रमाण कमी, इंधनही तेवढ्याच टक्क्यांनी कमी. नमुन्याच्या नळीत बाहेरची हवा शिरतेय. ही नळी पंपाच्या ओढीखाली असते, त्यामुळे गळती बाहेर न येता आत जाते, आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधणारे हात हलवत बसतात. इथे स्पॅन गॅस दोनदा द्या: एकदा थेट ॲनालायझरला, एकदा प्रोबच्या टोकापासून पूर्ण नळीतून. पहिला बरोबर आणि दुसरा कमी आला तर गळती नळीतच. प्रोबला देताना जादाचा गॅस बाहेर पडायला वाट ठेवा, नाहीतर दाबाखाली गळती लपते आणि सगळं ठीक असल्याचं सोंग वठतं.

प्रमाण कमी, पण इंधन बरोबर. म्हणजे हवा मीटर आणि प्रोब या दोघांच्याही आधी धुरात मिसळली. प्रमाण जितकं उतरलं तितकाच प्रवाह वाढला, गुणाकार तोच राहिला. वस्तुमानासाठी ही गळती निरुपद्रवी. वेळ कमी असेल तर ही सोडून द्या. मात्र ती हवा कॅटॅलिस्टच्याही आधी शिरत असेल तर नॉक्सचं रूपांतर बिघडतं. मग तो संचाचा दोष राहत नाही, बसचा होतो.

पाणी

मिथेनच्या एका रेणूतून पाण्याचे दोन रेणू निघतात. लॅम्डा १ वर धुरात आकारमानाने १९ टक्के वाफ असते आणि पुण्याच्या हवेच्या दाबाला ती ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवू लागते. भाराखालच्या डिझेलच्या धुरातही याच्या निम्म्याएवढीच वाफ असते. डिझेलवर चालून गेलेला निष्काळजीपणा इथे चालत नाही.

तापवलेली नळी असतेच, पण तिच्या दोन्ही टोकांना बोटभर जागा उघडी राहते: प्रोबची फिटिंग, आणि संचात शिरतानाचा जोड. डिसेंबरच्या सकाळी खिडक्या उघड्या ठेवून निघालेल्या बसमध्ये त्या बोटभर जागेत पाणी धरतं. खुणा ओळखता येतात. नॉक्सचं शिखर पसरट दिसू लागतं, फिल्टर ओला निघतो, एफआयडीची (ज्योतीवर हायड्रोकार्बन मोजणाऱ्या ॲनालायझरची) ज्योत विझते. ज्योत विझली की लोक हायड्रोजनच्या बाटलीकडे धावतात. आधी फिल्टर काढून बघा. उघड्या फिटिंगवर काचतंतूची पट्टी घट्ट गुंडाळणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

बॅटऱ्यांचाही यात हात असतो. संचाची वीज बसच्या इंजिनावरून घ्यायची नाही असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, नाहीतर संचाचा भार इंजिनावर पडतो. पण बॅटऱ्या उतरू लागल्या की सगळ्यात आधी मार खातो तो नळीचा हीटर. नळीचं तपमान दर सेकंदाला नोंदवा आणि फेरीनंतर आधी तोच आलेख बघा. संच डेपोतल्या विजेवर तासभर तापवून मगच बॅटरीवर घ्या. थंड संच बॅटरीवर तापवायला घेतलात तर परतीच्या प्रवासात बॅटऱ्या मान टाकतात.

झीरोचं, म्हणजे ॲनालायझरचा शून्य ठरवण्याचं, एक राहिलं. सकाळी डेपोत शेजारी बस सुरू होत असताना बाहेरच्या हवेवर झीरो घेतला तर शेजारच्या बसचा नॉक्स तुमचा शून्य होतो. झीरो नायट्रोजनच्या किंवा शुद्ध हवेच्या बाटलीवर घ्या. तरीही प्रमाणाचं भान ठेवा. नॉक्सच्या झीरोत ३ पीपीएमची चूक झाली तर या बसला किलोमीटरमागे साधारण ०.०३ ग्रॅमचा फरक पडतो. स्वच्छ बसच्या अहवालात तेवढा फरक महत्त्वाचा आहे, पण दीडपट आकड्यांचा खुलासा त्यातून होत नाही.

वेळेची जुळवणी: डिझेलची युक्ती इथे फसते

प्रवाह त्या क्षणाचा, पण नमुना नळीतून यायला दोन-चार सेकंद लागतात. ती तफावत काढून टाकण्यासाठी सॉफ्टवेअर सीओटू आणि प्रवाह यांचे आलेख एकमेकांवर सरकवून सगळ्यात चांगला मेळ शोधतं. डिझेलवर ही युक्ती झकास चालते. लॅम्डा १ च्या सीएनजीवर सीओटू भाराबरोबर बदलतच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला पकडायला काही सापडत नाही आणि ते दर फेरीला वेगळाच विलंब ठरवतं. तुमच्या संचाने काढलेला विलंब एका फेरीत २ सेकंद आणि दुसरीत ६ असेल तर मामला हाच.

इथे मेळ बसवायचा तो इंधन बंद होण्याच्या क्षणांवर. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरू दिली की ईसीयू इंधन तोडतो, नुसती हवा बाहेर पडते आणि सीओटू धाडकन खाली येतो. ईसीयूतलं इंधन शून्य झाल्याचा क्षण आणि सीओटू पडल्याचा क्षण, यांतलं अंतर म्हणजे विलंब. कात्रजहून स्वारगेटकडे उतार आहे, तिथे असे क्षण भरपूर मिळतात. नॉक्सचा ॲनालायझर आणि एफआयडी यांचा विलंब वेगळा असतो, तो स्पॅन गॅस प्रोबला देऊन घड्याळ लावून काढा. पंप आणि नळी बदलली नाही तर तो बदलत नाही, म्हणून एकदा काढून कायम करा आणि सॉफ्टवेअरचं आपोआप जुळवणं बंद ठेवा.

नॉक्सवर याचा परिणाम मोठा असण्याचं कारण कॅटॅलिस्टमध्ये आहे. इंधन तुटलेलं असताना कॅटॅलिस्टमध्ये ऑक्सिजन भरतो. ड्रायव्हरने पुन्हा पाय दिला की पहिले काही क्षण नॉक्सचं रूपांतर होत नाही आणि टोकदार शिखर येतं. प्रवाहही त्याच क्षणी झपकन वर जातो. तीन सेकंदांची चूक झाली की शिखर आयडलच्या प्रवाहाशी गुणलं जातं आणि फेरीतला बराचसा नॉक्स गायब होतो. ही शिखरं खरी आहेत. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून ‘आउटलायर’ म्हणून ती कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांनी मोजायची गोष्टच कापलेली असते.

सेटिंगमधल्या किरकोळ वाटणाऱ्या चुका

या चुका फेरीगणिक बदलत नाहीत, सगळ्या फेऱ्यांना सारख्याच लागतात. म्हणून वरच्या तक्रारीचं कारण या नव्हेत, पण दोन बसची किंवा दोन शहरांची तुलना करताना यांनीच घोटाळा होतो.

इंधनाच्या रकान्यात डिझेल राहिलेलं असतं. ज्या संचात चिलरने पाणी काढून मग मोजतात, तिथे कोरड्या प्रमाणावरून ओलं प्रमाण काढायला हायड्रोजन-कार्बनचं गुणोत्तर लागतं. डिझेलचं १.८६ च्या आसपास, मिथेनचं ४. डिझेल ठेवलंत तर वस्तुमान दहाएक टक्के जास्त येतं. एफआयडी प्रोपेनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर आकडा प्रोपेनचा पीपीएम आहे की कार्बनचा, ते बघा. फरक तिपटीचा आहे.

हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कलवर गोठलेला असू शकतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर वर, इथे तो ९५० च्या आसपास असतो. पिटो मीटरमध्ये तीन टक्क्यांची चूक तिथेच होते. मुंबईत तोच संच बरोबर वाटेल.

दमटपणाची नॉक्स दुरुस्ती प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी आहे. अवजड वाहनांच्या रस्त्यावरच्या युरो-६ चाचणीत ती लावत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये ती सुरू राहिली तर जुलै आणि डिसेंबरचे आकडे उगीच वेगळे दिसतात.

अंतरासाठी जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका. उड्डाणपुलाखाली आणि उंच इमारतींमध्ये ठिपका भरकटतो, उभ्या बसलाही थोडं-थोडं चालवतो. चाकाच्या वेगावरून काढलेलं अंतर शेजारी ठेवा. आणि अर्धी फेरी अर्ध्या फेरीशी ताडू नका: कात्रजहून जाताना उतार, येताना चढ, शिवाय मध्यवस्तीत एकेरी वाहतुकीमुळे जायचा आणि यायचा रस्ता एक नसतो.

सगळं तपासलं, तरी नॉक्स-सीओटू गुणोत्तर हलतंय

मग बस खरं बोलतेय. सावकाश वाहतुकीत कॅटॅलिस्ट थंडावतो. मिथेन मोडायला तो नॉक्सपेक्षा जास्त तापलेला लागतो, म्हणून कॅटॅलिस्ट थंडावल्याची खूण आधी मिथेनमध्ये दिसते. कोंडीतून निघाल्यावर मिथेन वर आणि नॉक्स जेमतेम हललेला, तर कॅटॅलिस्टचं तपमान बघा. सीओ खाली आणि नॉक्स सतत वर असेल तर मिश्रण किंचित लीनकडे सरकलंय: लॅम्डा सेन्सर, किंवा कॅटॅलिस्टच्या आधी शिरणारी हवा. उलट सीओ वर नि नॉक्स जवळजवळ शून्य असेल तर मिश्रण रिच, म्हणजे गॅस जास्त, आहे. तेव्हा खूश होऊ नका, अशा वेळी थ्री-वे कॅटॅलिस्ट अमोनिया बनवतो आणि बहुतेक पेम्स संच अमोनिया मोजत नाहीत. खात्री करायची तर तोच संच, तीच सेटिंग, त्याच मार्गावर दुसऱ्या बसला लावा.

एक वेगळी तक्रारही याच फायलीत येते: आकडे बरे आहेत पण सॉफ्टवेअर म्हणतं ‘चाचणी अवैध’. तो बिघाड नव्हे. नियमातली पद्धत सरकत्या खिडक्यांची आहे. इंजिनाने ठरावीक काम केलं की एक खिडकी पूर्ण होते. युरो-६ च्या सुरुवातीच्या टप्प्यात खिडकीची सरासरी पॉवर कमाल पॉवरच्या २० टक्क्यांखाली असली की ती बाद होई. ‘डी’ टप्प्यापासून ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. आता हिशेब करा. समजा इंजिन १३० किलोवॉटचं, बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर आणि किलोमीटरला १.३ किलोवॉट-तास काम. सरासरी पॉवर २० किलोवॉटच्या आत. २० टक्के म्हणजे २६ किलोवॉट, म्हणजे जुन्या मर्यादेने शहरातल्या बहुतेक खिडक्या बाद. १० टक्के म्हणजे १३, त्यात त्या बसतात. सॉफ्टवेअरमध्ये कुठली मर्यादा भरली आहे ते आधी बघा. शिवाय शहरी बसच्या चाचणीचा मार्ग ७० टक्के शहरी आणि ३० टक्के ग्रामीण वेगाचा लागतो. शिवाजी रस्ता आणि स्वारगेटने तो भरत नाही. मान्यतेची चाचणी करायची तर मार्ग त्या हिशेबाने आखा. नुसतं शहरात ही बस काय सोडते एवढंच हवं असेल तर खिडक्यांच्या फंदात न पडता वेगाचे टप्पे पाडा: उभी, ताशी १० खाली, १० ते २०, २० च्या वर. प्रत्येक टप्प्याचे ग्रॅम-प्रति-तास आणि नॉक्स-सीओटू गुणोत्तर द्या.

बस दुरुस्तीला पाठवताना डेपोच्या हातात नुसता ग्रॅम-प्रति-किलोमीटर आकडा ठेवला तर मेकॅनिक त्यावर काहीच करू शकत नाही, आणि गाडी धुऊन परत पाठवतो. सोबत गरम आयडलवरचा सीओटू टक्का, ईसीयूचा लॅम्डा आणि कोंडीनंतरच्या पाच मिनिटांचा मिथेन-नॉक्स आलेख जोडा. लॅम्डा सेन्सर बघायचा की मॅनिफोल्डची गॅस्केट, हे त्यावरून त्याला ठरवता येतं.